मणी छान, पण औषध गळतंय
औषध आत भरण्यासाठी केलेले अल्जिनेटचे (समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाचे) मणी गोल, सुबक होतात पण औषध आत टिकत नाही, असं का, हे एकाने विचारलंय. औषध पाण्यात विरघळणारं असेल तर हे होणारच! कॅल्शियम क्लोराइडमध्ये मणी घट्ट होत असतानाच ते बाहेर झिरपतं. जितका वेळ बुडवून ठेवाल तितकं जास्त. आधी मणी काढल्यावर उरलेल्या त्या द्रावणातलं औषध मोजा. कायटोसानचा (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पदार्थाचा) थर दिला तर गळती बरीच आवरते, कारण त्याचा धनभार अल्जिनेटच्या ऋणभाराला धरून बसतो. मात्र कायटोसान सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवावं लागेल, साध्या पाण्यात नाही.

आणि १.२ पीएचची (जठरासारख्या आम्लातली) चाचणी पाहून खूश होऊ नका. आम्लात मणी आक्रसून गप्प बसतात. खरी परीक्षा ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (आतड्यासारख्या, पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात): तिथे फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं नि मणी फुगून विरघळू लागतात.