कारखाना कार्बन न्यूट्रल झाला, मग गाडीचे काय?

प्रश्न : गोदाकाठ

मी नाशिक जिल्ह्यातील एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. आमच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी महिंद्रा अँड महिंद्राचा इगतपुरीचा कारखाना निवडला आहे, कारण देशातील पहिला कार्बन न्यूट्रल कारखाना अशी त्याची ओळख कंपनीने करून दिलेली आहे. संपूर्ण महिंद्रा समूह 2040 पर्यंत कार्बन न्यूट्रल करण्याचे उद्दिष्टही 2018 मध्ये जाहीर झालेले आहे. मुलांना या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तो मला मोडायचा नाही, पण प्रकल्पात केवळ कौतुक असू नये असेही वाटते.

माझ्या मनात दोन शंका आहेत. कारखान्याच्या आवारातील उत्सर्जन शून्यावर आले, असे म्हटले जाते तेव्हा त्यात नेमके काय धरलेले असते आणि काय वगळलेले असते? आणि एखादी गाडी तयार होण्यापासून भंगारात जाईपर्यंत जो कार्बन वातावरणात सोडते, त्यात कारखान्याचा वाटा किती? मुलांना स्वतः पडताळून पाहता येतील अशी सार्वजनिक कागदपत्रे कोणती, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील. इगतपुरी तालुक्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये अनेक वाड्यापाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे पाण्याचा प्रश्नही त्यांच्या मनात आहे.


उत्तर 1 : चाकणचा_अभियंता

वाहन उद्योगात प्रक्रिया अभियंता म्हणून काम करीत असल्याने पहिल्या शंकेचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी या कंपनीत नाही.

उत्सर्जनाचा हिशेब तीन कप्प्यांत मांडतात. कारखान्यात प्रत्यक्ष जळलेले इंधन, म्हणजे बॉयलर, भट्ट्या, जनरेटर आणि कंपनीची स्वतःची वाहने, हे स्कोप 1 मध्ये येते. विकत घेतलेली वीज स्कोप 2 मध्ये येते. बाकी सर्व, म्हणजे पुरवठादारांकडून आलेले पोलाद, ॲल्युमिनियम, रबर, काच, मालवाहतूक आणि ग्राहकाने गाडी चालवताना जाळलेले इंधन, हे स्कोप 3 मध्ये मोडते. कारखाना कार्बन न्यूट्रल झाला या विधानात साधारणपणे पहिले दोन कप्पेच असतात. त्यांतील उत्सर्जन शक्य तितके कमी करून उरलेले वृक्षलागवड किंवा अन्य मार्गाने भरून काढलेले असते. म्हणून मुलांनी पहिला प्रश्न असा विचारावा की कपात किती आणि भरपाई किती. भरपाईचा वाटा जितका लहान, तितके ते काम पक्के.

आता इगतपुरीबद्दल एक गोष्ट, जी बातम्यांमध्ये सहसा येत नाही. तो इंजिनांचा कारखाना आहे, संपूर्ण गाडी बनवणारा नाही. संपूर्ण गाडीच्या कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा पेंट शॉप, म्हणजे रंगकामाचा विभाग, खाते. प्रायमरचा थर भाजण्यासाठी ओव्हन 160 ते 180 अंश सेल्सिअसला ठेवावे लागते आणि रंग मारण्याच्या कक्षातील हवेचे तापमान व आर्द्रता ठरावीक मर्यादेत राखण्यासाठी प्रचंड हवा सतत तापवावी, थंड करावी आणि कोरडी करावी लागते. कारखान्याच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास निम्मी येथेच जाते. इंजिनांच्या कारखान्यात हा भार नसल्यामुळे तेथे शून्याजवळ पोहोचणे तुलनेने सोपे असते. यामुळे इगतपुरीच्या कामाचे मोल कमी होत नाही, मात्र त्याच मापाने चाकणच्या किंवा नाशिकच्या कारखान्याला मोजता येत नाही.

इंजिन कारखान्यात बचत कोठे होते, तेही सांगतो, कारण ते पाहणे विद्यार्थ्यांना फार शिकवून जाईल. पहिली जागा म्हणजे कॉम्प्रेस्ड एअर, अर्थात यंत्रे चालवण्यासाठी दाबून भरलेली हवा. धातू कापून-घासून भाग घडवणाऱ्या मशिनिंगच्या लाइनवर हवेची गळती वीस-तीस टक्के असणे कोठेही नवलाचे नाही, आणि ती गळती शोधून बंद करणे हा वीज वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दुसरी जागा म्हणजे इंजिनाची चाचणी. पूर्वी प्रत्येक इंजिन डिझेल जाळून, प्रत्यक्ष चालवून तपासत असत. आता बहुतेक इंजिने कोल्ड टेस्टने तपासतात, म्हणजे इंजिन पेटवत नाहीत, विजेच्या मोटरने फिरवून दाब, टॉर्क (फिरवायला लागणारा जोर) आणि कंपन मोजून दोष ओळखतात. इंधन वाचते, धूर होत नाही आणि चाचणीचा वेळही घटतो. तिसरी जागा मोटर, पंप आणि चिलरची, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्रांची. जुनी यंत्रे बदलणे आणि गरजेपुरताच वेग देणारी ड्राइव्ह बसवणे यात वीज चांगली वाचते.

यासाठी पैसा कोठून येतो, हा भाग मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो. महिंद्राने 2016 मध्ये स्वतःच्याच उत्सर्जनावर प्रतिटन 10 डॉलर असा अंतर्गत कार्बन दर लावला, म्हणजे तेवढा खर्च स्वतःच्याच हिशेबात धरला. त्यामुळे एरवी परताव्याच्या गणितात मागे पडणाऱ्या ऊर्जाबचतीच्या कामांना निधी मिळू लागला. ऊर्जेची उत्पादकता दुप्पट करण्याच्या ईपी100 या जागतिक उपक्रमात सामील झालेली जगातील पहिली कंपनीही हीच. भारतीय उद्योगात इतक्या लवकर असे करणारे फारसे कोणी नव्हते आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.


उत्तर 2 : ऊर्जा_हिशेब

दुसऱ्या शंकेवर लिहितो. मुलांनी हा हिशेब वहीत स्वतः करावा, कारण आकडे सोपे आहेत आणि एकदा केला की विसरत नाही.

मध्यम आकाराची पेट्रोल गाडी लिटरला 15 किलोमीटर देते आणि तिच्या आयुष्यात दीड लाख किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे तिला 10,000 लिटर पेट्रोल लागेल. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून सायलेन्सरमधून 23 टन बाहेर पडेल. तेल काढणे, शुद्ध करणे आणि पंपापर्यंत आणणे यातील उत्सर्जन धरले तर हा आकडा 27-28 टनांवर जातो. याउलट गाडी कारखान्यात जोडण्याचे उत्सर्जन, युरोपातील कारखान्यांच्या सरासरीवरून पाहिले तर, प्रतिगाडी अर्ध्या टनाच्या आसपास असते. हा अर्धा टन पूर्णपणे शून्यावर आणला, तरी त्या गाडीच्या एकूण हिशेबात जेमतेम दोन टक्क्यांचा फरक पडतो.

मधला कप्पा पोलादाचा. गाडीत सातशे-आठशे किलो पोलाद असते. भारतात एक टन पोलाद तयार होताना सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण आपल्याकडे ब्लास्ट फर्नेस (कोकने लोह वितळवणाऱ्या उंच भट्ट्या) आणि कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या (न वितळवता लोह वेगळे करणाऱ्या) भट्ट्या यांचे प्रमाण मोठे आहे. त्यात पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये पत्रा कापताना निघणारा चुरा धरा, म्हणजे पोलादाचेच दोन टन होतात. एका गाडीतले पोलाद तिच्या जोडणीच्या चौपट भार टाकते, आणि तो भार कंपनीच्या दाराबाहेर, पुरवठादाराच्या नावावर पडतो. म्हणून एखादी वाहन कंपनी पर्यावरणाबाबत किती गंभीर आहे हे तपासायचे असेल, तर मी तिच्या छतावरील सौर पॅनेलांपेक्षा तिची पोलादाची खरेदी आधी पाहीन. स्वीडनच्या एसएसएबी कंपनीने 2021 मध्ये कोळशाऐवजी हायड्रोजनने लोह वेगळे करून केलेले पहिले पोलाद व्होल्वो समूहाला दिले, ते याच कारणासाठी महत्त्वाचे ठरले. भारत सरकारनेही डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली आहे. त्यानुसार प्रतिटन तयार पोलादामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल, तरच ते हरित म्हणता येते, आणि 1.6 टनांपेक्षा कमी असेल तर त्याला पाच तारे मिळतात. येथील वाहन कंपन्यांनी असे पोलाद मागायला सुरुवात केली, तर पोलाद कारखान्यांना बदलावेच लागेल.

इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न मुले विचारणारच, म्हणून तोही हिशेब देतो. किलोमीटरला 0.15 युनिट धरल्यास दीड लाख किलोमीटरला 22,500 युनिट लागतील. आपल्या ग्रिडमधील, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यातील, एका युनिटमागे सध्या सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड येतो, म्हणजे 16 टन. वीजवहन आणि चार्जिंगमधील गळती धरली की 19-20 टन. बॅटरी बनवताना होणारे उत्सर्जन, 40 किलोवॅट-तासांच्या बॅटरीसाठी, साधारण तीन टनांच्या घरात जाते. एकूण सुमारे 23 टन, म्हणजे पेट्रोल गाडीच्या 27-28 टनांपेक्षा कमी, पण शून्याच्या जवळपासही नाही. देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा 2025 मध्ये निम्म्यावर पोहोचला असला, तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेचा मोठा भाग अजून कोळशाचाच आहे. ग्रिड सुधारत जाईल तशी आज विकलेली इलेक्ट्रिक गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल. पेट्रोल गाडीच्या बाबतीत असे होऊ शकत नाही, आणि माझ्या मते इलेक्ट्रिक गाडीच्या बाजूचा हाच सर्वांत भक्कम मुद्दा आहे.

गाडीचा आकार मात्र सर्वांनी विसरलेला घटक आहे. एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या कॅफे, म्हणजे गाड्यांच्या इंधनवापराच्या, नियमांच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक कंपनीच्या विकलेल्या गाड्यांची सरासरी किलोमीटरला सुमारे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड ठरली आहे, पण जड गाड्या विकणाऱ्या कंपनीला वजनाच्या सूत्रानुसार अधिक सूट मिळते. जी कंपनी प्रामुख्याने मोठ्या एसयूव्ही विकते, तिच्या कारखान्यातील बचत तिच्याच शोरूममधून निघालेल्या गाड्यांच्या वजनाखाली दबून जाण्याचा धोका असतो. हे एका कंपनीबद्दल नसून आपल्या सर्वांच्या आवडीनिवडीबद्दलही आहे.


उत्तर 3 : पिंपरी_निवृत्त

वरील हिशेब मला मान्य आहे. तरीही कारखान्याच्या आवारातील कामाला केवळ दोन टक्क्यांचे म्हणून बाजूला सारू नये, अशी विनंती करतो. माझी नोकरीची वर्षे पिंपरी-चिंचवडच्या परिसरात गेली. टेल्कोचा, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना 1960 च्या दशकात उभा राहिला, तेव्हा ती जमीन उजाड माळरान होती. टेल्को घडवणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी तेथे झाडे लावण्याचा आणि तळे करण्याचा आग्रह धरला. आज त्या तळ्यावर स्थलांतरित पक्षी उतरतात. त्या काळी कार्बनचा हिशेब कोणी मागत नव्हते, कोणतेही प्रमाणपत्र मिळणार नव्हते, आणि तरीही ते झाले. जमीन, पाणी आणि आसपासची हवा यांचा लाभ टनांत मोजता येत नाही, पण शेजारी राहणाऱ्या माणसाला तोच आधी जाणवतो.

मात्र झाडांच्या नावावर धूर माफ करून घेणे मलाही पटत नाही. मोठे झालेले झाड वर्षाला वीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषते. वर सांगितलेल्या एका पेट्रोल गाडीच्या 23 टनांसाठी शंभर झाडे अकरा-बारा वर्षे जगवावी लागतील, आणि ती मोठी होण्याचा काळ वेगळाच. महिंद्राच्या हरियाली उपक्रमात 2007 पासून दर वर्षी दहा लाख झाडांचा संकल्प आहे. तो स्वागतार्ह आहे, पण मुलांनी किती लावली याबरोबर किती जगली हे विचारावे.

पाण्याबाबत इतकेच म्हणेन की इगतपुरीला वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण कातळामुळे तो मुरत नाही आणि घाट उतरून निघून जातो. तेथे पावसाचे पाणी साठवणाऱ्या कारखान्याने ते आवाराबाहेरच्या गावांसाठीही मुरवले का, हा खरा प्रश्न आहे.


गोदाकाठ

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. हिशेब मुलांकडून करून घेतला आणि पोलादाचा आकडा पाहून वर्गात बराच वेळ चर्चा चालली. आता कागदपत्रांचे कोणी सांगेल का? कंपनीच्या संकेतस्थळावरील अहवाल इतके मोठे आहेत की नेमके कोठे पाहावे हे त्यांना समजत नाही. आणि गाडी भंगारात जाते, तेव्हा कंपनीची काही जबाबदारी असते का?


उत्तर 4 : ताळेबंद

शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल, देणे बंधनकारक आहे. तो वार्षिक अहवालातच असतो. त्यातील तत्त्व क्रमांक 6 पर्यावरणाचे आहे, तेवढेच उघडावे. स्कोप 1, स्कोप 2, पाण्याचा उपसा आणि कचरा हे आकडे तेथे अनिवार्य भागात मिळतात. स्कोप 3 ऐच्छिक भागात असतो, म्हणून तो भाग भरलेला आहे की कोरा, हीच एक माहिती झाली. पाण्याची टंचाई असलेल्या भागांतून उपसलेल्या पाण्याची नोंदही त्याच ऐच्छिक भागात असते. मागील तीन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून एकूण टन आणि उलाढालीच्या प्रमाणातील टन हे दोन्ही आकडे पाहावेत. पुष्कळदा दुसरा घटतो आणि पहिला वाढतो.

अडचण अशी की हे आकडे संपूर्ण कंपनीचे असतात. एकट्या इगतपुरीसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जावे लागेल. मंडळाचे संमतीपत्र (कारखाना चालवण्याची परवानगी) आवश्यक असलेल्या प्रत्येक कारखान्याला फॉर्म 5 मध्ये वार्षिक पर्यावरण विवरण मंडळाला सादर करावे लागते. त्यात पाण्याचा वापर, सांडपाणी आणि घातक कचरा यांची नोंद असते. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय नाशिकला आहे, तेथे माहिती अधिकारात अर्ज करता येईल. संमतीपत्रात दररोज किती पाणी वापरता येईल याची मर्यादा लिहिलेली असते, ती विवरणातील आकड्याशी ताडून पाहावी.

भंगाराबद्दल : 1 एप्रिल 2025 पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झाले असून, पूर्वी विकलेल्या गाड्यांतील पोलादाच्या ठरावीक हिश्शाइतक्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आली आहे. हा हिस्सा 8 टक्क्यांपासून सुरू होतो आणि टप्प्याटप्प्याने 18 टक्क्यांपर्यंत जाईल. महिंद्रा समूहाने एमएसटीसी या सरकारी कंपनीबरोबर सेरो हे भंगार केंद्र ग्रेटर नोएडात 2018 मध्येच सुरू केले होते, आणि टाटा मोटर्सची री.वाय.र ही केंद्रे 2023 मध्ये जयपूरपासून सुरू झाली. भंगारातून विजेच्या भट्टीत केलेल्या पोलादाचे उत्सर्जन खनिजापासून केलेल्या पोलादाच्या तुलनेत बरेच कमी असते, त्यामुळे उत्तर 2 मधील दोन टनांचा आकडा खाली आणण्याचा हाच एक जवळचा मार्ग आहे. माहिती अधिकाराच्या उत्तराला कायद्याने तीस दिवसांची मुदत असते, म्हणून प्रकल्प सादर करण्याची तारीख पाहून अर्ज आधी टाकावा आणि अहवालाचे वाचन मधल्या काळात करावे.