शनिवारचं कढण

मंगळवार

सचिव (बी ३०४): नमस्कार मंडळी. थंडी चांगलीच पडलीय. गेल्या वर्षीसारखं यंदाही शनिवारी संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये गरम सूप करू या का? वॉचमन, सफाईच्या मावश्या, माळीकाका आणि आपल्यातले येणारे धरून ५० जण होतील. टोमॅटो सूपची तयार पाकिटं आणली तर अर्ध्या तासात काम होईल.

बी ५०१ आजोबा: पाकिटाचं नको. मैद्याची पेज लागते ती.

ए १०२ काकू: पाकिटं आणू नका, मी करते. कुळथाचं कढण करू. थंडीत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मावश्या सकाळी सातला येतात आणि दिवसभर थंड पाण्यात हात घालतात. त्यांच्या पोटात काहीतरी दमदार गेलं पाहिजे.

ए ६०१: काकू, आम्ही नवीन आहोत. कढण म्हणजे कटाची आमटी का?

ए १०२ काकू: नाही गं. पुरणासाठी डाळ शिजवून जे पाणी काढतो त्याची कटाची आमटी होते. कढण म्हणजे कडधान्य भरपूर पाण्यात मऊ शिजवून त्याचा रस घ्यायचा आणि वरून तूप-जिऱ्याची फोडणी. आजारी माणसाला मुगाचं देतात, थंडीत कुळथाचं. मी अर्धे कुळीथ वाटून परत त्यातच घालते. त्यामुळे दाट होतं, भाकरी कुस्करली की जेवण होतं.

सी १०५ ताई: आमच्याकडे जुन्नरला कुळथाला हुलगेच म्हणतात. काकू, शेंगोळे करू या ना! हुलग्याच्या पिठाचे हाताने वळून लसूण-मिरचीच्या पाण्यात उकळलेले शेंगोळे, त्याला तोड नाही.

ए १०२ काकू: शेंगोळे मलाही प्राणप्रिय. पण ५० जणांचे वळायचे म्हणजे सहा-सात बायका दोन तास हव्यात. आणि शेंगोळे रस पितात. सहाला केले की आठला पातेल्यात गोळा. ते घरी, चुलीजवळ बसून खायचे. शनिवारी कढणच.

बुधवार

सचिव (बी ३०४): काकू, यादी सांगा. घरी चार जणांना एक वाटी कुळीथ लागतात, म्हणजे ५० जणांना साडेबारा वाट्या. बरोबर?

ए १०२ काकू: इथेच गफलत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बावीस वर्षं खानावळ चालवली, रोज ६०-७० डबे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. घरच्या मापाला दहाने गुणलं की मोठ्या पातेल्याचा पदार्थ होत नाही.

माणशी २५० मिली धरा. ५० जणांचे साडेबारा लिटर. त्याला दीड किलो कुळीथ पुरे. भिजून शिजले की ते दुपटीहून जास्त वजनाचे होतात. भिजवायचं सोडून शिजवायला पाणी सगळं मिळून दहा लिटरच्या आसपास. घरी छोट्या पातेल्यात निम्मं पाणी आटतं, मोठ्या पातेल्यात तेवढं आटत नाही. घरच्या हिशेबाने पाणी ओतलं तर कढण पांचट होतं.

मीठ ८० ग्रॅमपासून सुरुवात. पोह्याचे पाच सपाट चमचे. सगळं एकदम टाकायचं नाही. शेवटी, आमसूल घातल्यावर चव बघून वाढवायचं. जास्त झालेलं मीठ साडेबारा लिटरमधून कोणी काढू शकत नाही.

फोडणीला सव्वाशे मिली तूप खूप झालं. मिरची तर घरच्या हिशेबाच्या अर्ध्याहून कमी करा. दहापट मिरची टाकली की मुलं आणि आजी-आजोबा दोघंही पहिल्याच घोटाला वाटी खाली ठेवतात. ज्यांना तिखट हवं त्यांच्यासाठी लसणाचं तिखट वेगळं ठेवू.

आणि सगळ्यात आधी पाण्याचं.

डी ४०४ दादा: पाण्याचं काय? टाकीतलंच घेऊ ना.

ए १०२ काकू: टाकीतलं अजिबात नको. आपल्याकडे आठवड्यातून चार दिवस टँकर येतो, ते बोअरचं पाणी. बादलीला पांढरे डाग पडतात ना? तेच क्षार डाळीत बसतात आणि ती कितीही शिट्ट्या केल्या तरी टणकच राहते. खानावळीत एका उन्हाळ्यात रोज तूर डाळ तशीच राहायची. मी दुकानदाराशी भांडले, डाळ बदलली, कुकरची रिंग बदलली. शेवटी महानगरपालिकेच्या नळाचं पाणी भरून आणलं आणि त्याच डाळीचं पंधरा मिनिटांत लोणी झालं. दुकानदाराची माफी मागितली मी.

म्हणून भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला पिण्याचं पाणी घ्या. महापालिकेचं किंवा आरओचं. २० लिटरचा एक जार मागवा.

ए ६०१: चिमूटभर सोडा टाकला तर?

ए १०२ काकू: शिजतं, पण चव साबणासारखी येते आणि कुळथाचा खमंगपणा जातो. चांगलं पाणी असलं की सोड्याची गरज नाही.

आमसूल, टोमॅटो, चिंच यातलं काहीही कुळीथ पूर्ण शिजल्याशिवाय घालू नका. आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायचा थांबतो. हेही मोठ्या पातेल्यात जास्त जाणवतं, कारण तिथे अर्धवट शिजलेलं परत कुकरला लावायला जागा नसते.

सचिव (बी ३०४): भांडी? सोसायटीकडे ॲल्युमिनियमचं ३० लिटरचं पातेलं आहे.

ए १०२ काकू: आमसुलासाठी ॲल्युमिनियम नको. आंबटाने धातू सुटतो, चवही बिघडते. माझ्याकडे जाड बुडाचं २० लिटरचं स्टीलचं आहे, ते आणते. आजोबांकडचं पितळी मिळालं तरी चालेल, फक्त आतली कल्हई नीट हवी.

बी ५०१ आजोबा: कल्हई गेलीय. गल्लीत कल्हईवाला येऊन दहा वर्षं झाली.

ए १०२ काकू: मग राहू द्या आजोबा, ते शोभेला ठेवा. आणि दोन १० लिटरचे कुकर लागतील. प्रत्येकी ७५० ग्रॅम कुळीथ, पाण्यासकट अर्ध्यापर्यंतच भरायचे. कडधान्य फेसाळतं, जास्त भरलं तर फेस वर चढून वाफेचं भोक बुजतं. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून २५ मिनिटं. वाफ आपोआप जाऊ द्या.

सी ४०३ दादा (टोरांटो): काकू, नमस्कार. मी रोज ग्रुप वाचतो. इथे परवा रात्री उणे १४ होतं. मी महिन्यातून एकदा रविवारी दहा लिटरचं पातेलं भरून मसूर-भाज्यांचं सूप करतो आणि डब्यांत भरून गोठवतो. बायकोची नाईट शिफ्ट असली की तोच आधार. एक विनंती. आई शनिवारी खाली उतरणार नाही, गुडघे फार दुखतायत. तिला कोणी डब्यात नेऊन द्याल का?

ए १०२ काकू: अरे, हे सांगायची गरज आहे का? मी स्वतः देईन. गरम असताना.

ए ६०१: दादा, फ्रीजरमध्ये किती दिवस टिकतं? आम्ही दोघंही नोकरी करतो, रोज संध्याकाळी तोच प्रश्न असतो.

सी ४०३ दादा (टोरांटो): उणे १८ ला दोन-तीन महिने सहज. डबा काठोकाठ भरू नका, बोटभर जागा सोडा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, माझ्या दोन काचेच्या बरण्या अशाच तडकल्या. डाळी, कडधान्यं, गाजर छान राहतात. बटाटा रवाळ होतो, म्हणून मी तो गरम करताना वेगळा उकडून घालतो. दूध-मलईही आधी घालू नका, फाटतं. एक जेवण तेवढा एक डबा, आणि झाकणावर तारीख.

गुरुवार

डी ४०४ दादा: ५० जणांचं करतोच आहोत तर ८० जणांचं करू. उरलेलं रविवारी सकाळी नाश्त्याला होईल. पातेलं क्लबहाऊसमध्येच झाकून ठेवू, थंडीच आहे.

ए १०२ काकू: नाही. ह्याला मी ठाम नाही म्हणते, आणि का ते सांगते.

गेल्या वर्षी आपण डाळ-भाज्यांचं सूप केलं होतं, आठवतं? आठ लिटर उरलं. मी दमले होते. थंडी आहे म्हणून पातेलं झाकून तिथेच ठेवलं आणि घरी गेले. सकाळी साडेसातला झाकण काढलं. वर बारीक फेस, कडेला बुडबुडे. हात लावला तर पातेलं पोटाशी अजून कोमट. रात्रभर बाहेर १० अंश होते आणि आत सूप कोमट! वास फार बदलला नव्हता. एक मावशी वाटी घेऊन उभी होती, म्हणाली, ताई, उकळून देता का. मी ते सगळं तिच्यासमोर मोरीत ओतलं. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. सहा महिने मनात सलत होतं, कारण चूक पूर्णपणे माझी होती.

म्हणून सांगते, मोठं पातेलं बाहेरून गार लागलं तरी आत तासन् तास कोमट राहतं. जितकं दाट, तितकं जास्त वेळ. शिजवण्याइतकंच गार करणं हेही कामच आहे, आणि ते आपण कधी कामात धरत नाही.

डी २०१ डॉक्टरताई: काकूंचं शंभर टक्के बरोबर. काही जंतूंचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत. साधारण ५ ते ६० अंशांमध्ये अन्न रेंगाळलं की ते जागे होऊन वाढतात. काहींचं विष परत उकळूनही जात नाही. डाळी, भात, मांसाचे रस्से मोठ्या पातेल्यात ठेवून लोक आजारी पडतात ते असंच. वासावरून ओळखू येईलच असं नाही.

डी ४०४ दादा: हे माहीत नव्हतं. माफ करा काकू. मग उरलं तर करायचं काय?

ए १०२ काकू: माफी कसली. मलाही बावीस वर्षांनंतर गेल्या वर्षी कळलं.

उरलं तर तिथल्या तिथे परातींत पसरायचं, तीन बोटं उंचीच्या वर नाही. किंवा छोटी पातेली बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवून डावाने ढवळत राहायचं. दोन तासांच्या आत गार झालं पाहिजे, मग छोट्या डब्यांत भरून लगेच फ्रीज. गरम पातेलं थेट फ्रीजमध्ये नको. पातेलं तर गार होत नाहीच, शेजारचं दूध मात्र नासतं. परत देताना खळखळून उकळायचं, नुसतं कोमट करून नाही.

शनिवारी मी ५० चंच करणार. सहा ते साडेसात बारीक गॅसवर, वाफा येत असतानाच वाढायचं.

सी १०५ ताई: काकू, मी ढवळायला येते. काय बघायचं तेवढं सांगा.

ए १०२ काकू: ये गं. लांब दांड्याचा सपाट लाकडी डाव आण, गोल पळी नको. वाटलेले कुळीथ घातले की ते तळाला बसतात. डाव बुडाला घासत आडवा न्यायचा, इंग्रजी आठसारखा. हाताला बूड गुळगुळीत लागतंय तोवर ठीक. जरा खरखरीत लागलं, डाव अडकला, की गॅस बंद. खरवडू नकोस! वरचं वर दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यायचं, तळाचं तिथेच सोडायचं. करपलेलं एकदा ढवळून वर आलं की साडेबारा लिटरला वास लागतो आणि कोथिंबिरीने तो झाकत नाही.

सचिव, अजून दोन गोष्टी. उकळतं पातेलं कोणीही जिन्यावरून न्यायचं नाही. जिथे शिजेल तिथेच वाढायचं. आणि शेगडीभोवती खुर्च्या लावा, मुलं पळत येतात.

बी ५०१ आजोबा: मला मुतखडा होता. कुळीथ चांगलेच म्हणतात.

डी २०१ डॉक्टरताई: आजोबा, चवीने प्या, औषध म्हणून नको. तुमची गोळी आणि पाणी पिण्याचं प्रमाण जसं सांगितलंय तसंच ठेवा. किडनीचा आजार असलेल्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

शुक्रवार

ए १०२ काकू: आज रात्री आठला माझ्याकडे कुळीथ निवडायला या. खडे अगदी दाण्याच्याच रंगाचे असतात, चष्मे घेऊन या. दहाला भिजत घालते.

शनिवार

सी १०५ ताई: बूड गुळगुळीत! दोन तास एकदाही लागलं नाही.

सचिव (बी ३०४): ५३ वाट्या वाढल्या. माळीकाकांनी भाकरी कुस्करून दोन वेळा घेतलं. पातेल्यात तळाला थोडं आहे.

ए १०२ काकू: मीठ शेवटी ९० ग्रॅमला बसलं. वहीत लिहिलंय.

सी ४०३ दादा (टोरांटो): काकू, आईचा आत्ताच फोन आला होता. डबा संपला म्हणाली. अजून आहे का विचारतेय, तुम्हाला विचारायला लाजतेय.

ए १०२ काकू: आहे. तिच्यासाठी दोन वाट्या आधीच वेगळ्या काढून गॅसवर ठेवल्यात. चप्पल घालते, आलेच.