सिंगल कोटवर (') बंदी घातली की साइट सुरक्षित होते का?

वसईकर:
आमच्याकडे डिसोझा, डिसिल्वा गल्लोगल्ली. इंग्रजीत ‘डी’नंतर सिंगल कोट येतो. परवा एका फॉर्मने आईचं आडनाव ‘अवैध अक्षर’ म्हणून परत पाठवलं! एसक्यूएल इंजेक्शनच्या, म्हणजे फॉर्ममधून डेटाबेसला चोरून आज्ञा देण्याच्या हल्ल्याच्या, धास्तीने केलेला उद्योग, दुसरं काय. अहो, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेचा, सांगाडा वेगळा, व्हॅल्यू वेगळी. मग व्हॅल्यूत कोट असो की ‘ड्रॉप टेबल’ (टेबल पुसायची आज्ञा), डेटाबेसला तो नुसता मजकूर.

जुनाकोड:
बोलायला सोपं आहे. माझ्या गळ्यात बारा वर्षांपूर्वीचं पीएचपी आहे, शेकडो क्वेऱ्या स्ट्रिंग जोडून केलेल्या. त्या बदलायचे पैसे ग्राहक देत नाही. येणाऱ्या प्रत्येक इनपुटला एकाच ठिकाणी एस्केप लावलंय, म्हणजे कोटसारख्या अक्षरापुढे बॅकस्लॅश (\), निभावतंय.

वसईकर:
हाच प्रयोग पीएचपीने ‘मॅजिक कोट्स’ नावाने केला होता. लोकांच्या नावांत बॅकस्लॅश साचले आणि २०१२ साली ५.४ आवृत्तीत तो प्रकार काढूनच टाकला. शिवाय क्वेरीत आयडीभोवती कोट नसतील आणि कुणी ‘१ ऑर १=१’ ही कायम खरी ठरणारी अट पाठवली, तर तुमचं एस्केप काय करणार? त्यात एस्केप करण्यासारखं अक्षरच नाही.

रात्रपाळी:
वसईकर, तुमचाही उपाय सगळीकडे चालत नाही. ‘ऑर्डर बाय’पुढचं, म्हणजे निकाल कशानुसार लावायचे ते सांगणारं, कॉलमचं नाव प्लेसहोल्डरमधून (व्हॅल्यूसाठी क्वेरीत सोडलेल्या जागेतून) देता येत नाही. तिथे भलेभले गुपचूप स्ट्रिंगच जोडतात.

जुनाकोड:
बघा! म्हणजे इनपुट तपासावं लागतंच.

रात्रपाळी:
लागतं, पण ‘हे अक्षर नको’ असं नाही. नाव, तारीख, रक्कम एवढीच चालणाऱ्या कॉलमांची यादी ठेवायची. बाकी काही आलं तर सरळ तारखेनुसार लावायचं. आणि जुन्या कोडचं म्हणाल तर ब्रिटनची टॉकटॉक ही टेलिकॉम कंपनी आठवा. २०१५ मध्ये १,५६,९५९ ग्राहकांची माहिती गेली, ४ लाख पौंड दंड झाला. भोक कुठे होतं? तिने विकत घेतलेल्या टिस्काली कंपनीच्या जुन्या, विसरलेल्या वेबपानांत.

जुनाकोड:
बरं. कोट नसलेल्या आयडी शोधल्या, ४१ निघाल्या. लॉगिनपासून प्रिपेअर्ड स्टेटमेंट लावायला सुरुवात करतो. जुनं एस्केप मात्र राहू देतो, असलेलं बरं.

वसईकर:
नको हो! दोन्ही ठेवलंत तर बॅकस्लॅशसकट नाव टेबलात जाईल. मघाशी आईला फॉर्मने नाकारलं, आता तिला बॅकस्लॅश चिकटवाल.