प्रूडंट, ज्युडिशस, सेन्सिबल, श्रूड : सगळ्यांना 'शहाणा' म्हणून चालेल का?

तळटीप

इंग्रजी-मराठी कोशात प्रूडंट काढा, ज्युडिशस काढा, सेन्सिबल काढा, फिरून फिरून शहाणा, सुज्ञ, विवेकी, समंजस हेच चार शब्द हाती येतात. उलट दिशेनं तर जास्तच अडतं. 'संस्थेनं जमीन विकायचा शहाणपणाचा निर्णय घेतला' याचं इंग्रजी करताना यांतला कुठला शब्द घ्यायचा? श्रूड म्हणजे स्तुती की टोमणा? आणि डिस्क्रीट या कुटुंबातला आहे की नाही? अनुवाद आणि संपादन करणाऱ्यांनी कृपया नेमकं सांगावं.

शिरोरेखा

यांत कमी शहाणा, जास्त शहाणा अशी उतरंड लावायला गेलं की घोळ होतो. शहाणपण कशावर चालवलंय ते पाहायचं. तुमचंच वाक्य घ्या आणि विशेषण बदलत जा.

प्रूडंट लिहिलंत तर वाचणाऱ्याला कळतं की जमीन ठेवण्यात पुढे धोका होता, अतिक्रमण, खटला, भाव पडणं असं काहीतरी, आणि संस्थेनं तो आधीच ओळखला. ज्युडिशस लिहिलंत तर दोन्ही बाजू तोलल्या, किती विकायची नि किती राखायची याचं तारतम्य ठेवलं. सेन्सिबल म्हणजे त्यात विशेष काही नाही, चार व्यवहारी माणसांनी हेच केलं असतं. श्रूड म्हणजे भाव चढलेला असताना विकली नि पैसा केला. वाइज हा शब्द सहसा लांबून पाहून वापरतात. निर्णयामागे अनुभव आहे आणि तो काळाच्या कसोटीला उतरेल किंवा उतरला, असा त्याचा सूर असतो. मराठी वाक्य तेच, पण इंग्रजीत पाच वेगळ्या घटना झाल्या. त्यामुळे अनुवादकाला आधी मागचापुढचा मजकूर वाचून काय घडलं ते ठरवावं लागतं, शब्द त्यानंतर.

प्रूडंटचं मूळ लॅटिन आहे. 'आधी पाहणारा' अशा अर्थाचा प्रोव्हिडेन्स हा शब्द आखडून प्रूडेन्स झाला. प्रोव्हाइड, प्रोव्हिजन ही त्याचीच भावंडं. म्हणून प्रूडंटला मराठीत 'दूरदृष्टीचा', 'सावध', 'आधीच काळजी घेणारा' हे शब्द 'शहाणा'पेक्षा जवळचे पडतात. (प्रूड, म्हणजे सोवळेपणाचा आव आणणारी व्यक्ती, याच्याशी त्याचं नातं नाही. दिसायला सारखे म्हणून फसू नका.)

ज्युडिशस आला तोलण्यातून, निवाड्यातून. तो माणसापेक्षा 'वापर', 'निवड', 'मिश्रण', 'काटछाट' अशा शब्दांना जास्त चिकटतो. ज्युडिशस यूज ऑफ फर्टिलायझर्स म्हणजे खत पिकाला, जमिनीला नि हंगामाला पाहून बेतानं वापरणं. इथे आपल्याकडच्या इंग्रजीत हमखास दिसणारी चूक म्हणजे ज्युडिशियल यूज. ज्युडिशियल म्हणजे न्यायालयीन. खताचा न्यायालयीन वापर कोण करणार!

सेन्सिबलबद्दल एक इशारा. तो शब्द चांगला आहे, पण कौतुक म्हणून थिटा. सेन्सिबल शूज म्हणजे पायाला सुखाचे, सपाट टाचेचे, टिकाऊ जोडे. त्यांत नखरा नाही. एखाद्या लेखिकेच्या कादंबरीला सेन्सिबल म्हणालात तर तिला आनंद होणार नाही. सेन्सिटिव्ह म्हणजे हळवा किंवा नाजूक, तो निराळा.

पानसुपारी

शिरोरेखा यांच्याशी सहमत. प्रूडंटचा खरा कस कायद्यात आणि हिशेबात लागतो, म्हणून थोडी भर.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ३ मध्ये एखादी गोष्ट 'सिद्ध' केव्हा मानायची याची कसोटी दिली होती. ती गोष्ट आहे असं न्यायालयाला वाटलं पाहिजे, नाहीतर ती असण्याचा संभव इतका पाहिजे की त्या परिस्थितीत प्रूडंट माणूस ती आहे असं धरूनच वागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही व्याख्या, आता कलम २ मध्ये, कायम आहे. १८८२ च्या विश्वस्त कायद्याचं कलम १५ म्हणतं की साधारण प्रूडन्स असलेला माणूस स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीनं सांभाळेल, तितक्या काळजीनं विश्वस्तानं न्यासाची सांभाळावी. दोन्हीकडे हा माणूस हुशार किंवा विद्वान असावा अशी अपेक्षाच नाही. तो चार लोकांतला, पण जपून पाऊल टाकणारा. इथे मराठीत 'विवेकी' लिहिलं की उंची फार वाढते आणि वाचकाला वाटतं, कुणी तत्त्वज्ञ आणायचाय.

हिशेबात प्रूडन्स म्हणजे अजून हातात न आलेला नफा धरायचा नाही, पण होण्यासारखा तोटा दिसत असेल तर त्याची तरतूद आजच करायची. रिझर्व्ह बँकेचे प्रूडेन्शियल नॉर्म्स याच विचाराचे. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की ते खातं अनुत्पादक धरा आणि तरतूद करा. तरतुदीला इंग्रजीत प्रोव्हिजन म्हणतात, म्हणजे वर सांगितलेलं भावंड इथे शेजारीच बसलंय.

आता डिस्क्रिशन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं १८३० मध्ये हार्वर्ड कॉलेजच्या खटल्यात विश्वस्तांसाठी नियम घालून दिला. प्रूडन्स, डिस्क्रिशन आणि इंटेलिजन्स असलेली माणसं स्वतःचा पैसा कसा गुंतवतात ते पाहून वागा, असा त्याचा आशय. तिथे डिस्क्रिशन म्हणजे गुप्तता नव्हे, बरंवाईट निवडायची समज.

तळटीप

आभार, जमिनीच्या उदाहरणानं बरंच मोकळं झालं. पण डिस्क्रिशनला आपण 'विवेकाधिकार' म्हणतो आणि डिस्क्रीट माणूस म्हणजे तोंड मिटून ठेवणारा. एकाच शब्दाला दोन तोंडं कशी? आणि श्रूडचं राहिलंच.

कानामात्रा

मूळ लॅटिन क्रियापद 'वेगळं करणं, पारखणं' या अर्थाचं. काय बोलायचं नि काय पोटात ठेवायचं ही पारख असलेला तो डिस्क्रीट. कुठला पर्याय घ्यायचा हे पारखून ठरवायची मोकळीक ती डिस्क्रिशन. त्याच मुळातून तिसरा निघाला डिस्क्रीट, उच्चार तोच पण अर्थ 'सुटासुटा', जो गणितात नि संख्याशास्त्रात लागतो. स्पेलिंग असं लक्षात ठेवा : 'सुटा' अर्थाच्या शब्दात दोन ई मध्ये टी घुसून त्यांना सुटं करतो. 'पोटात ठेवणारा'मध्ये दोन्ही ई एकमेकांना चिकटून असतात. स्पेलचेक ही चूक पकडेलच असं नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

याच मुळाचा डिसर्निंग दर्जा ओळखणाऱ्याला लावतात : गाण्याचा कान, जेवणाची जीभ, वाचनाची नजर असणारा. आपला 'चोखंदळ' त्याला छान बसतो, फक्त चोखंदळमधली किंचित खोड काढायची सवय तिथे धरायची नाही.

श्रूड पूर्वी चक्क 'दुष्ट' होता. शतकांच्या वापरानं तो धुतला गेला, तरी स्वार्थाची छटा राहिलीच. व्यापारी, वकील, पुढारी, गुंतवणूकदार श्रूड असतो. समाजसेवकाला श्रूड म्हटलं तर वाचक भुवया उंचावतो. मराठीत 'चाणाक्ष' जवळचा. 'बेरकी' म्हटलं की पारडं वाईटाकडे झुकतं, 'धूर्त' तर सरळ कनिंग. अस्ट्यूटही लॅटिनमधल्या डावपेचांच्या शब्दावरून आला, पण आज तो श्रूडपेक्षा स्वच्छ आहे. स्वतःचा काडीचा फायदा नसताना मार्मिक प्रश्न विचारणारा श्रोता अस्ट्यूट असतो.

याचं आपल्या घरचं उदाहरण म्हणजे साडेतीन शहाणे. सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धे, कारण ते तलवारीचे नव्हते असं सांगतात. इंग्रजीत यांना सर्रास थ्री अँड अ हाफ वाइज मेन करतात. ते वाचून परक्या वाचकासमोर बाळ येशूला पाहायला आलेले ज्ञानी उभे राहतात. इथला 'शहाणा' म्हणजे दरबार वाचणारा, समोरच्याच्या मनातला डाव ओळखणारा मुत्सद्दी. नाव रूढ आहे तेच ठेवा, पण पुढे लगेच अस्ट्यूट स्टेट्समेन अशी उकल घाला.

सॅगेशस फक्त लेखी, नि तोही जुन्या वळणाचा. मूळ अर्थ तीव्र वास घेणारा, म्हणून पूर्वी शिकारी कुत्र्यांनाही लावत. कॅनी आणि सॅव्ही बोलीतले, कार्यालयीन पत्रात नकोत.

शिरोरेखा

अडलात तर विरुद्धार्थी शब्द घालून पाहा. इम्प्रूडंट म्हणजे पुढचा धोका न पाहता केलेलं. इनडिस्क्रीट म्हणजे नको तिथे बोललेलं, आणि चरित्रात किंवा बातमीत इनडिस्क्रिशन आलं तर बहुतेक वेळा विवाहबाह्य संबंधांवर घातलेलं पांघरूण समजा. अनवाइज हा फूलिशचा सभ्य अवतार, त्यामुळे वरिष्ठांना लिहिताना तोच. सेन्सिबलला मात्र ही युक्ती लावू नका. इन्सेन्सिबल म्हणजे बेशुद्ध किंवा जाणीव नसलेला. सेन्सिबलचा खरा उलटा शब्द सिली.