पक्षिशास्त्रात पारध्याचं नाव कुठे लिहायचं? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

माळरानी
जेर्डनचा धाविक हा दुर्मीळ पक्षी १९०० नंतर कुणालाच दिसला नव्हता. नामशेष म्हणूनच त्याची नोंद व्हायची. १९८६ मध्ये आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात तो पुन्हा सापडला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे (बीएनएचएस) अभ्यासक त्याच्या मागावर होते, पण रात्री बॅटरीच्या उजेडात पक्षी हाती आला तो ऐतन्ना या स्थानिक पक्षी पकडणाऱ्याच्या. पक्षिमित्रांच्या संमेलनात हा शोध कुणाचा म्हणून सांगितला जातो? संस्थेचा.

माझं म्हणणं असं की ज्याच्या कसबावर शोध उभा राहतो, त्याचं नाव शोधनिबंधाच्या लेखकांत हवं. शेवटी आभाराच्या ओळीत ढकलणं पुरेसं नाही.

हा भेद आजचा नाही. १८७१ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यातल्या जमातीही त्यात ओढल्या गेल्या आणि आपल्याकडच्या फासेपारध्यांवर जन्मतःच गुन्हेगार हा शिक्का बसला. त्याच सुमारास, १८७२ मध्ये, ह्यूम या इंग्रज साहेबाने 'स्ट्रे फेदर्स' हे पक्ष्यांचं नियतकालिक काढलं. १८८५ मध्ये त्याचा संग्रह लंडनला गेला, त्यात हजारो मारलेले पक्षी होते. बंदूकवाला शास्त्रज्ञ ठरला आणि घोड्याच्या केसांचा फास लावून दोन तितर धरणारा चोर. १९५२ मध्ये कायदा रद्द झाला, नजर मात्र तीच राहिली.

पाणथळ
ऐतन्नाने धरलेला तो धाविक थोड्याच दिवसांत मेला, हे तुम्ही लिहिलं नाहीत. इतक्या दुर्मीळ पक्ष्याच्या बाबतीत ही किरकोळ गोष्ट नाही. तितर-लावऱ्या आजही चोरून विकल्या जातात आणि १९७२ चा वन्यजीव कायदा त्याचसाठी आहे. पोटासाठी केलेल्या शिकारीला ज्ञानाचं वलय दिलं, तर उद्या जाळी लावणारा प्रत्येकजण स्वतःला संशोधक म्हणवेल.

लेखक होणं म्हणजे निबंधातल्या प्रत्येक आकड्याला जबाबदार असणं. परीक्षकांनी शंका काढल्या तर उत्तर द्यावं लागतं. ज्याला तो इंग्रजी निबंध वाचता येत नाही, त्याचं नाव वर छापणं हा देखावा झाला. त्याला चांगली मजुरी द्या, वर्षभराचं काम द्या. नाव छापल्याने त्याच्या घरची चूल पेटत नाही.

माळरानी
मजुरीबद्दल वाद नाही, ती द्यायलाच हवी. पण 'मजुरी की नाव' हा प्रश्न आपण विद्यापीठातल्या माणसाला कधी विचारतो का? त्याला पगारही मिळतो आणि नावही.

तो पक्षी दगावला, ते वाईटच झालं. मात्र त्याला धरून आणणं ही त्या मोहिमेची गरज होती, ऐतन्नाची शिकार नव्हती.

बीएनएचएसचंच दुसरं उदाहरण घ्या. १९५९ पासून संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हजारो पक्ष्यांच्या पायांत ओळखीसाठी क्रमांकाची कडी घातली. क्यासनूरचा ताप (माकडताप) पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून पसरतो का, हेही त्यात तपासायचं होतं. त्यासाठी पक्षी जिवंत आणि इजा न होता धरावे लागत. हे कसब बिहारच्या मीरशिकारांकडे, म्हणजे तिथल्या पक्षी पकडणाऱ्या समाजाकडे, पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि त्यांतल्या अली हुसैन यांनी कित्येक वर्षं संस्थेसाठी हे काम केलं. कडी क्रमांक, तारीख आणि ठिकाण ही सगळी शास्त्रीय नोंद पक्षी हातात आल्यावरच सुरू होते. आधीचा भाग शास्त्राबाहेरचा कसा?

आश्रमशाळेतला मास्तर
माझ्या वर्गात फासेपारध्यांची मुलं आहेत. तितराच्या नर-मादीची साद वेगवेगळी काढून दाखवतात. कोणत्या गवतात लावरी बसते हे लांबून सांगतात. पण बाहेरचं कुणी आलं की गप्प. पक्ष्यांबद्दल बोललं तर पोलीस बापाला उचलतील, असं घरून शिकवलेलं असतं. पाणथळ, तुमची कायद्याची बाजू मला मान्य आहे. तरी या भीतीमुळे जे आजोबांना ठाऊक होतं ते नातवापर्यंत पोचत नाही, आणि ते कुठल्या वहीतही उतरलेलं नाही.

नीलपंख
पारध्यांवर सगळे बोलताहेत, बोला. तालुक्याच्या गावातल्या मुलीचंही ऐका. पक्षिनिरीक्षणाची सहल पहाटे साडेपाचला निघते, एसटी सातला येते. माळावर एकटीने दुर्बीण लावून उभं राहिलं की टोळकं जमतं. याद्या इंग्रजीत, गटावरची चर्चा इंग्रजीत. दार फक्त एकाच बाजूने बंद नाही.

पाणथळ
नीलपंख, पहाटेची वेळ पक्ष्यांमुळे ठरते, ती बदलता येणार नाही. मात्र ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी एसटी स्टँडवर थांबून सोबत घ्यायला काय हरकत आहे? आमच्या गटात हे मी मांडतो.

मास्तर, तुमचं म्हणणं पटलं. अकोला-वाशीमकडे फासेपारधी कुटुंबांसोबत माळरान राखायचं आणि तणमोर हा गवताळ माळावरचा पक्षी जपायचं काम झालेलं आहे, फास न लावता. तसं व्हावं, मी स्वतः येईन. लेखकपदाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. निबंधात चूक निघाली तर जबाब कोण देणार?

माळरानी
निबंध पाठवण्याआधी त्याच्याच बोलीत वाचून दाखवा. कुठे पाहिला, कधी पाहिला, साद कशी होती, एवढ्या भागाचा जबाब तो तुमच्या-माझ्यापेक्षा नीट देईल. आकडेमोडीचा तुम्ही द्या. दहा-दहा लेखकांच्या निबंधात प्रत्येकजण प्रत्येक ओळीला जबाबदार असतो, असं तुम्ही तरी छातीठोक सांगाल का?

पाणथळ
नाही सांगणार. पण माहिती देणारा आणि लेखक यांतली रेष पुसायला मी अजूनही तयार नाही.