महिन्याचं बजेट १० तारखेनंतर सुटतंच, सवय कशी लावायची?

प्रश्न:
दर १ तारखेला वही काढते, किराणा, बिलं, फी, हप्ता सगळं मांडते, आठ-दहा दिवस रोजचा खर्च टिपते पण, आणि मग दोन दिवस राहून गेले की पुढे वही उघडावीशीच वाटत नाही. ॲपचंही तेच झालं. महिनाअखेर पैसे कुठे गेले कळत नाही आणि त्याचा फार ताण येतो. कोणाला ही सवय खरंच लागलीय का?

प्रतिसाद १:
लागलीय, पण वर्ष गेलं. दोन दिवस राहिले म्हणून वही मिटू नका हो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयींवर अभ्यास केला होता, त्यात रोजची एखादी साधी गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं, कोणाला १८ तर कोणाला पार २५४, आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही दिसलं. मी तर रोज लिहिणं सोडूनच दिलं. रविवारी चहा झाला की बँकेचे मेसेज बघून आठवड्याचं एकदम लिहितो, पंधरा मिनिटं लागतात. रोखीतलं आठवत नाही ते 'इतर' मध्ये टाकतो.

प्रतिसाद २:
माझं बजेट रोजच्या खर्चाने मोडायचंच नाही, मोडायचं ते विम्याचा हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग, शाळेची वह्या-पुस्तकं, कोणाचं लग्न असल्या खर्चांनी. ते आले की वाटायचं हा महिना वेगळा होता, पुढच्यापासून नीट करू, आणि प्रत्येकच महिना वेगळा निघायचा!! मग मागच्या वर्षभराचं बँक स्टेटमेंट काढून असे खर्च शोधले, बेरीज केली, भागिले १२, आणि तेवढी रक्कम पगार झाला की त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात. प्लीज हे आधी करा, वही नंतर.

प्रतिसाद ३:
रकाने किती आहेत तुमचे? जपानमधे काकेइबो म्हणून घरखर्चाची वही असते, मोतोको हानी या पत्रकार बाईंनी १९०४ मधे सुरू केलेली. त्यात चारच भाग करतात, गरजेचं, हौसेचं, वाचन-कला वगैरे आणि अचानक आलेलं. माझे २२ रकाने होते, शाम्पू किराणा की औषधं यातच डोकं जायचं. आता चार. आणि घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसालाही सोबत बसवा, एकट्याने हिशोब ठेवला की तो पोलिसी वाटायला लागतो.

प्रश्नकर्ती:
वर्षाचे खर्च मी कधी धरलेच नव्हते, आत्ता स्टेटमेंट काढून बसलेय आणि मार्चपर्यंतच नऊ सापडले. रकाने १७ आहेत माझे, कमी करते. रविवारी संध्याकाळी नवऱ्याला घेऊन बसते, दोन महिन्यांनी इथेच सांगते काय झालं ते.