दोन पानं आणि एक फूल: चित्रकोड्याला दोन उत्तरं निघाली, गुण कुणाला?

फोंड्याचा_कोडेवाला

नमस्कार मंडळी. आमचा चित्रकोड्यांचा ऑनलाइन गट आहे, साठेक जणांचा. निम्मे गोव्यातले, बाकी पुणे-मुंबई-बेळगाव. दर रविवारी रात्री नऊला एकजण दोन-तीन चित्रं टाकतो, ती सगळी मिळून एक उत्तर निघतं, पहिल्याला दहा गुण. हा रविवार माझा होता.

मी पाठकोऱ्या कागदावर डावीकडे दोन पानं काढली, उजवीकडे फूल, मधे तराजू. उत्तर अर्थात 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. वाटलं, आपले गोंयकार अर्ध्या मिनिटात सोडवतील आणि बाकीचे डोकं खाजवत बसतील.

झालं भलतंच. नऊ वाजून दोन मिनिटांनी पुण्याच्या एकाचं उत्तर आलं: ‘अण्णा द्रमुक आणि भाजपची युती’. दोन पानं त्यांचं चिन्ह, फूल म्हणजे कमळ, तराजू म्हणजे जागावाटप! (मी जास्वंद काढलं होतं हो. पण माझा हात असा की पाकळ्या कमळाच्या झाल्या.) ‘जनमत कौल’ आलं चौथ्या मिनिटाला, डिचोलीच्या एका काकूंकडून. आता गटात दोन तट पडलेत. पुणेकर म्हणतो, माझं उत्तर चित्रात बसतं की नाही तेवढं सांगा. बसतं, तीच तर पंचाईत आहे. काकू म्हणतात, कोडं कुणी काढलंय ते बघायला नको?

गुण कुणाला देऊ? आणि असं पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

मडगावची_मावशी

दोघांनाही दहा-दहा द्या. कोडं सैल राहिलं ती तुमची चूक, सोडवणाऱ्याने का भरावी?

माझी पद्धत अशी: कोडं आधी घरातल्या अशा माणसाला दाखवायचं, ज्याला उत्तर ठाऊक नाही. एकदा मी शहरांच्या नावांचं कोडं केलं. साखळीसाठी लोखंडी साखळी, ते सगळ्यांना जमलं. पणजीसाठी एक म्हातारी काढली. भाच्याने बघितलं आणि म्हणाला, ‘आजी’. बरोबरच ना, पणजीला काय वेगळं नाक असतं? मग मुलगी, आई, आजी अशा रांगेत उभ्या केल्या आणि चौथ्या म्हातारीवर बाण दाखवला. प्रत्येक चित्राने एकेक पळवाट बंद करायची. तुमचा तराजू काहीच बंद करत नाही. त्याजागी 34,021 लिहिला असता तर? पानं तेवढ्याच मतांनी जिंकली.

फोंड्याचा_कोडेवाला

मावशी, आकडा गूगलमध्ये टाकला की खेळ खलास.

कांदोळीचा_पाव

गूगलवरून आठवलं. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी संमोहनवाल्या आबे फारियाचा पुतळा आहे ना, बाईवर हात पसरून उभा? त्याचा फोटो टाकला तर फोनचा कॅमेरा दोन सेकंदांत नाव सांगतो. म्हणून मी आणि बायकोने बाल्कनीत तशीच पोझ देऊन फोटो काढला. शेजारी उशीचं चित्र. उशी, झोप, संमोहन. माणूस आमच्याच कांदोळीचा, जन्म 1756 चा.

पहिलं उत्तर आलं, ‘रात्रीचं भांडण’. दुसरं, ‘भुताटकी’. पण तिसऱ्या मिनिटाला वास्कोच्या एका पोराने बरोब्बर सांगितलं, आणि कुणाच्याही फोनला ते सापडलं नव्हतं. तुम्ही हाताने काढता तेच बरं आहे, काढत राहा. फक्त फुलाजवळ मोठा मासा काढा, छोट्या माशाला गिळायला निघालेला. विलीनीकरण लगेच कळेल.

जुना_माशेलकर

माशांचं नको, पाववाले. ते पानवाल्यांचं चित्र झालं. फुलवाला म्हणेल, मासे कसले, आई आणि लेकरू काढा. माझे वडील फुलाचे, मामा दोन पानांचा. कौलानंतरच्या चवथीला मामा आमच्याकडे आलाच नाही, आईने त्याच्या वाटणीच्या नेवऱ्या डब्यात तशाच ठेवल्या होत्या. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. तेव्हा कोड्यातसुद्धा कुणाची बाजू घेऊ नये असं मला वाटतं.

गोव्याचा नकाशा काढलात तर कोडंच उरणार नाही. कोपऱ्यात काजूचं एक बोंडू काढा, बी खाली लोंबणारी. दोन पानं, फूल आणि बोंडू. तामिळनाडूकडे गेलेला माणूस बोंडूशी अडखळेल आणि परत फिरेल. कोकणातले थोडे घोटाळतील, घोटाळू देत.

फोंड्याचा_कोडेवाला

माशेलकरबाब, हे पटलं. तराजू खोडला. गुण दोघांनाही दिले. काकू अजून थोड्या घुश्शात आहेत, पण पुढच्या रविवारचं कोडं त्यांनी मागून घेतलंय, म्हणजे राग गेला असावा.

नवं चित्र आत्ताच काढलं आणि मावशींच्या पद्धतीप्रमाणे काही न सांगता घरात दाखवलं. बायको म्हणाली, ‘फूल छान आलंय. पण ही ढबू मिरची कशाला?’